उचंत खातं

२ मार्च

लागली एकदाची नोकरी. जिल्ह्याच्या वित्त विभागात लेखा सहायक. ठकीचे बाबा गेल्यापासून आई, ठकी आणि मी, तिघी आईच्या पेन्शनीवर दिवस ढकलत होतो. त्यामुळे आज ऑफिसच्या पायऱ्या चढताना मला हसू आवरत नव्हतं. सगळी मामाची कृपा. मामा इथे मुख्य लेखापाल आहे. लहानपणी माझी फी त्यानं भरली आणि आता पोटापाण्याचंही त्यानंच बघितलं.

खोली लांबलचक, खिडक्या उंच, पंखा म्हाताऱ्यासारखा कण्हणारा. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आहे. खुर्चीच्या पाठीवर एक निळा स्वेटर होता. कुणाचा म्हणून विचारलं, तर शिपायानं डोकं खाजवलं आणि आठवत नाही म्हणाला.

घरी आले तर दारात ठकीची चौकशी समिती बसलेली. कडी काढण्याआधी तिला रोज हे करायचं असतं. कोण आहे? मी. मी कोण? तुझी आई. मग आवाज खोटा वाटतो म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आज बिस्किटांचा पुडा वाजवला, तेव्हा कडी लगेच निघाली.

६ मार्च

काम आवडतंय. इथे पैशाला पैसा म्हणत नाहीत, तो कुठल्या शीर्षाखालचा हे आधी विचारतात. शाळेच्या छपराचा पैसा छपराच्याच शीर्षाखाली. त्यातून खडूसुद्धा आणायचा नाही. आणि ज्या रकमेचा काहीच खुलासा लागत नाही, ती उचंत खात्यात टाकायची. म्हणजे खुलासा मिळेपर्यंत अधांतरी. वर्षअखेरीला मात्र उचंत रिकामं झालंच पाहिजे, नाहीतर ऑडिटवाले सोलून काढतात.

या खात्याला एक जबाबदार माणूस लागतो, आणि तो मान नव्या माणसाला द्यायची इथली पद्धत आहे. मामानं माझं नाव सुचवलं, साहेबांनी मान डोलावली. मी चांगलीच फुशारले.

शेवटच्या आठवड्यात सह्यांसाठी धावपळ नको, म्हणून मामानं मला कोऱ्या व्हाउचरांवर सह्या करून ठेवायला सांगितलं. नियमात हे बसत नाही, पण वर्षअखेरीला सगळेच करतात. शिवाय गठ्ठा जाणार मामाच्या कपाटात. त्यात घाबरायचं काय? दुपारभर सह्या केल्या. मनगट दुखायला लागलं, तेव्हा मामा संत्रं सोलून मला एकेक फोड भरवत होता. अगदी लहानपणी भरवायचा तसं.

११ मार्च

आज मामाकडे जेवायला गेलो होतो. मामीनं ताटं घेतली तेव्हा एक जास्त झालं. कोण यायचंय का, म्हणून मी विचारलं. ती ओशाळली. रोज होतं म्हणाली, सवय कसली तेच कळत नाही. मामानं ते ताट उचलून आत नेलं.

भिंतीवर माझा लहानपणचा फोटो आहे. माझा हात धरून एक दात पडलेला मुलगा उभा आहे. आईला विचारलं, तर शेजारचा कुणीतरी असेल म्हणाली. पण त्याचं नाक थेट मामासारखं आहे. मी मामीला तसं म्हटलंही. तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. का, ते तिलाच सांगता येईना.

१६ मार्च

एक गंमत. काल मामानं वाचनालयाची एक रक्कम माझ्या सहीवर उचंतात टाकली. पुस्तकं कुठेच नव्हती, पैसे मात्र गेलेले. आज चहावाल्यानं सगळ्यांना चहा दिला आणि माझ्या टेबलाला वळसा घालून निघून गेला. मी हाक मारली तर दचकला. मी बसले आहे हे दिसलंच नाही म्हणे. बारीक झाले असेन, असं मी म्हटलं, पण हसलं कुणीच नाही.

१९ मार्च

छपराची रक्कमही उचंतात गेली. हजेरीपटावर माझं नाव नाही. शिपाई मला विचारतो, कुणाला भेटायचंय. साहेबांनी माझ्यासमोरच मामाला विचारलं, या बाई कोण. मामा म्हणाला, कामासाठी आल्या आहेत. एवढंच. भाची म्हणाला नाही.

मला फार लागलं ते. साहेबांचं नाही, मामाचं.

२२ मार्च

आता लक्षात येतंय. मामा व्हाउचर भरतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला विसरतं. परवा पुलाची रक्कम. काल माझी जिवाभावाची मैत्रीण रस्त्यात समोरून आली आणि तिनं मला बँकेचा पत्ता विचारला. मी तिचा हात धरला तर घाबरून सोडवून घेतला. मीही घाबरले. भर बाजारात रडू आलं.

ही दगदग असेल. मामाशी बोलते उद्या. तो आहे म्हणजे काळजी नाही.

२४ मार्च

बोलले.

मामानं काहीच नाकारलं नाही. दार लोटून घेतलं, संत्रं सोललं आणि सांगितलं. जिल्ह्याचा पैसा वर्षानुवर्षं झिरपत आला आहे. थोडा साहेबांकडे, थोडा ठेकेदारांकडे, थोडा त्याच्याकडे. माझी फीसुद्धा त्यातलीच होती म्हणाला. खुलासा नसलेला पैसा आणि त्याचा जबाबदार माणूस, दोघं बरोबर जातात. मग ताळमेळ बसतो. ऑडिटवाले बघतात तर सगळं स्वच्छ. खुलासा द्यायला कुणी उरत नाही, आणि कुणी होतं हेही कुणाला आठवत नाही.

निळा स्वेटर त्याच्या मुलाचा. फोटोतला हातही त्याचाच. तो माझा मामेभाऊ होता, माझ्याआधी उचंत त्याच्या नावावर होतं. मला त्याचं नावसुद्धा आठवत नाही.

मी विचारलं, मीच का? म्हणाला, कोऱ्या कागदावर सही परकं माणूस करत नाही.

व्हाउचर लिहिणाऱ्याला मात्र विसर पडत नाही, तेवढी शिक्षा त्याला असते, असंही म्हणाला. त्यालाच शिक्षा म्हणे! मग माझ्या तोंडापुढे संत्र्याची फोड धरली. मी त्याचा हात झटकला. याच हातानं मी वाढले.

२७ मार्च

मामाचं कपाट फोडलं. मला कुणी अडवलं नाही, कुणाला दिसलेच नाही. सापडली तेवढी व्हाउचरं फाडली. मामा खुर्चीत बसून बघत होता. मग शांतपणे म्हणाला की खिशातलं एक सोडून बाकीची कधीच नोंदवून झाली. नदीकाठचा बंधारा, औषधं, पाण्याची टाकी — सगळं माझ्या नावावर.

मी त्याच्या पाया पडले. ठकीचं काय, विचारलं. म्हणाला, आई आहे ना सांभाळायला. माझी नोकरी लावण्याआधीच त्यानं तेवढा विचार करून ठेवला होता.

२९ मार्च

आईनं आज दोनच ताटं घेतली.

मी समोर बसले, तर म्हणाली, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? — आई, मी. मी. तिनं प्यायला पाणी आणून दिलं. परक्याला देतात तसं. ठकीनं ओळखलं, गळ्यात पडली, आजीला वेड लागलंय म्हणाली. फक्त ठकी उरली आहे.

३० मार्च

ऑफिसला गेले नाही. ठकीला कुशीत घेऊन बसले. सारखं तेच घोकून घेते. मी कोण? आई. मी कोण? आई. ती कंटाळली. मध्येच एकदा थांबली. आठवायला वेळ लागला तिला —

मामा आला होता. दारातूनच सांगून गेला, शेवटचं एकच राहिलंय. त्याचे डोळे लाल होते. रडतोय मेला. ज्याला मी मामा म्हणून —

३१ मार्च

जरा बाहेर गेले. दूध आणायला. तेवढ्यात —

कडी आतून लागली आहे. वही पिशवीतच होती, पायरीवर बसून लिहिते आहे. बोटं पेनवर नीट बसत नाहीत.

वाजवलं. ठकीचा आवाज. कोण आहे? —

मी.

मी कोण? — ठकी विचारतेय. उघडेल. बरोबर सांगितलं की उघडते. रोज उघडते. मी म्हणजे ठकीची — काय म्हणायची ती मला — दोन अक्षरी आहे, आत्ता होतं तोंडात — ठकी, थांब, जाऊ नकोस, सांगते — मी तुझी