किती गाड्या गेल्या, याविषयी गंगाराममामांस

तीर्थरूप गंगाराममामांना राजश्रीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, मनातून वाकले असं समजा.) तुमचे गुडघे आणि मामीचं पित्त कसं आहे? इकडे सगळे बरे, आई तर ठणठणीत.

मामा, आपण जिंकलो! सड्याच्या कातळमाळावरच्या बॉक्साइटच्या खाणीची लाल माती वाडीच्या विहिरीत उतरते. नळाच्या पाण्यासाठी खनिज निधीतून पैसे मागितले, तर उत्तर आलं, की तुमच्याकडे खनिजच थोडं निघतं, म्हणून रॉयल्टी थोडी आणि निधीही थोडा. थोडं म्हणजे किती, हे मी, ग्रामपंचायतीची सदस्य, माहितीच्या अधिकारात विचारलं. चार पानं आली. आकड्यांवर काळं फासलेलं होतंच, पण फासणाऱ्याचा उत्साह एवढा, की तारखाही गेल्या आणि माझं नावही गेलं. वाचण्याजोगं दोनच ठिकाणी उरलं होतं: 'व्यापारी गोपनीयता' आणि 'आपला विश्वासू'.

मी अपील केलं. सुनावणी रत्नागिरीला. दापोलीहून एसटीने निघाले, सोबतीला शेजारच्या हौसाकाकी. (कोर्टात जायचंय समजून ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. वाटेत तीनदा ओकल्या, पण लुगड्यावर शिंतोडा नाही!) कंपनीचे साहेब टाय लावून आले होते. महिन्याला किती माल काढतो हे बाहेर पडलं तर प्रतिस्पर्धी फायदा घेतील, असं ते इतक्या कळवळून बोलले, की क्षणभर मलाच त्यांची दया आली. त्यातच माझी पाठ केलेली सगळी कलमं पळाली.

तेव्हा काकी उठल्या. "साहेबानू, कसलं गुपित? गाडी गेली की माज्या मांडणीवरची भांडी वाजतात. मी भितीवर खडूने रेघ मारत्ये. दिवसाला चाळीस गाड्या!"

"चाळीस? साफ खोटं!" कंपनीचे साहेब उसळले. "पस्तीसच्या वर एकही..." आणि तिथेच थांबले.

अपील ऐकणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं, फाईल उलटली. "वाहतूक पास तर रोज अकराच गाड्यांचे दिसतात, म्हणजे रॉयल्टीही अकराचीच," ते म्हणाले. मामा, कंपनीचे साहेब टाय सैल करू लागले. मग अपीलवाले साहेब म्हणाले, "सरकारकडे भरायची रॉयल्टी हे कुणाचं खासगी गुपित नाही. सगळे कागद काळं न फासता द्या." मी तिथेच टाळी वाजवली. शिपायाने दटावलं, म्हणून काकींनी वाजवली.

काल कागद आले. गुरुवारी खाण मोजायला पथक येतंय. निधीचा हिशेबही नव्याने होणार, म्हणजे नळ येणार! काकींनी सरपंचांना सांगितलंय, की पहिली कळशी त्यांची.

मामीला नमस्कार, नातवंडांना गोड पापे.

तुमची (आजवर तरी) लाडकी भाची,
राजश्री

ता. क. : कागदांसोबत, खाणीसाठी जमिनी भाड्याने देणाऱ्यांची यादीही आली. तिसरं नाव तुमचं आहे. सहा वर्षांचं भाडं तुम्ही उचललंय. आपल्या त्या सड्यावर नुसते दगड, असं तुम्ही आईला सांगत होतात. सातबाऱ्यावर तिचंही नाव आहे.

आणखी ता. क. : यादी घरात टेबलावरच आहे, पण आईने अजून वाचलेली नाही. तिचा चष्मा दापोलीला दुरुस्तीला दिलाय, शनिवारी मिळेल. शुक्रवारपर्यंत तुम्हीच तिला फोन करा.