दोडक्याचा वेल आणि डोळ्यातला पडदा

९ डिसेंबर १९८४
शकुनच्या आज्यानं आज गिलासाच्या बाहेर पाणी ओतलं! अर्धा तांब्या चटईवर. वरून म्हणतात, गिलास सरकला. गिलासाले काय पाय आहेत? मी हसली. धुरपता हसली नाही.

धुरपता माझी सून. तिच्यासारखी मासोळी आमच्या एकोडी गावात कोणी रांधत नाही, हे मी सासू असून लिहून राहिली. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर नाकाच्या खाली. सारं शकुनच्या तोंडून चालते. नात चार वर्षांची, पण वकील आहे! "शकुन, आज्याले सांग, भात वाढला." आजा समोरच बसलेला, कानानं चांगला, तरी शकुनची वाट पाहते. शकुन झोपली की भात थंड. शकुन नव्हती तवा धुरपता मांजरीले सांगत होती.

माझा पोरगा डोमा तुमसरले राइस मिलमध्ये. शनिवारी येते. बाकी दिवस घर धुरपतावर.

११ डिसेंबर
धुरपता म्हणते, मामाजीचा, म्हणजे सासऱ्याचा, उजवा खांदा दाराच्या चौकटीले लागते. रोज. मी त्यांच्यासंग जन्म काढला, मले दिसलं नाही. तिनं पदराआडून पाहिलं.

मी विचारलं. म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू दे, मग काढू. हे खरं वाटलं. शेजारच्या देवाजीचा बी असाच पिकू दिला, मग काढला, आता चष्मा लावून गप्पा मारत फिरते. साखरेची बिमारी आहे आमच्या माणसाले, पण साखर लघवीत, डोळ्याचं तिथं काय काम?

काळे धागे तरंगतात म्हणाले डोळ्यासमोर. जन्मभर जाळी विणली म्हणून तेच दिसत असन, असं बी म्हणाले. (नाव लिहू काय त्यांचं? तोंडानं कधी घेतलं नाही. कागदाले काय कळते. केवळराम. लिहिलं! मलेच लाज आली.)

१६ डिसेंबर
साकोलीले डोळ्याचं शिबिर होतं. धुरपतानं शकुनकडून निरोप धाडून धाडून आज्याले बसमध्ये बसवलं. मी बी गेली. बसमध्ये एका बाईच्या टोपलीत कोंबडा होता, तो शकुनच्या फ्रॉकले चोच मारत होता, ते राहू दे.

डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण हात किती हलका! डोळ्यात थेंब टाकले, दिव्यानं आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. म्हणाली, बाबा, हा मोतीबिंदू नाही. पिकायची वाट पाहू नका.

मग सांगितलं, तेही घाई न करता. साखरेनं डोळ्याच्या मागच्या नसा खराब होतात. मग नव्या उगवतात, पण नाजूक. त्या फुटतात, रक्त सांडते, ते काळे धागे. त्या नसांसंग जाळीसारखं काही धरते, ते आकसते आणि मागचा पडदा ओढते. पडदा भिंतीवरून सुटला की दिसणं गेलं. उजव्यात सुटला आहे, कधीचाच. डाव्यात नसा उगवून राहिल्या, पडदा अजून जागेवर आहे. नागपूरले यंत्रानं उजेड मारून त्या थांबवता येतात. पण आता!

 हे म्हणाले, आधी मोठं जाळं होऊ दे.

१७ डिसेंबर
मोठं जाळं म्हणजे संक्रांतीच्या आधी पुरं गाव तलावात उतरते. डोंगा पुढे हेच नेतात, बुडी मारून जाळ्याचा तळ हेच सोडवतात. नाही गेले तर लोक काय म्हणतील, हे एकच. मी रडली. उपयोग नाही.

२० डिसेंबर
आज धुरपतानं जे केलं!

मागच्या भिंतीवर दोडक्याचा वेल वाळून बसला आहे. तिनं शकुनले कडेवर घेतलं, आज्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "शकुन, आज्याले सांग, पाहा." आणि वेल ओढला. वेलासंग मातीचा पोपडा आला, पत्रावळीएवढा. दिवाळीले सारवलेली भिंत! खाली उघडी वीट.

"सांग, वेल कवळा असताना खुडला असता तर भिंत राहिली असती."

शकुननं सांगितलं, "आजा, भिंत पडली."

डॉक्टरीणबाईचं सारं बोलणं मी ऐकलं होतं, पण समजलं ते आज. हे पोपड्याकडे पाहत राहिले. उजव्या बाजूनं नाही, मान वळवून, डाव्यानं. मग उठून जाळ्याच्या गाठी तपासाले गेले. असा अडेल माणूस!

२१ डिसेंबर
सकाळीच वल्हं खांद्यावर घेऊन निघाले. धुरपता दारात उभी. पदर होता, पण सरकली नाही. सुनेनं सासऱ्याची वाट अडवावी, असं मी ऐकलं बी नाही कधी.

"मामाजी, आज डोंगा नाही. आज बस."

थेट. मधात कोणी नाही. शकुन तोंड उघडून उभी, तिचं कामच गेलं!

ह्यांनी शकुनकडे पाहिलं. म्हणाले, "शकुन, मायले सांग..." आणि थांबले. वल्हं भिंतीले लावलं.

मग धुरपताले विचारलं, "कोणती बस?"

 

६ जानेवारी १९८५
नागपूरहून आलो. पुन्हा जायचं आहे, एका खेपेत होत नाही. उजेड मारतात तर डोळ्यात विजा चमकतात म्हणे. हे हलले नाहीत. डोमा सुट्टी काढून आला होता, बाहेर बाकावर घामानं ओला झाला, आणि धुरपता आत हात धरून उभी. सासऱ्याचा हात!

तिथल्या डॉक्टरनं साफ सांगितलं. उजवा परत येत नाही. डाव्यात जेवढं दिसते तेवढं टिकवायचं, वाढणार नाही. साखर सांभाळा, बुडी बंद.

१२ जानेवारी
मोठं जाळं पडलं. डोंगा देवाजीनं नेला. हे काठावर बसून त्याले शिव्या देत होते. कोणी काही म्हटलं नाही. रोहू घरपोच आला.

१४ जानेवारी
तिळगूळ झाल्यावर हे अंगणात उन्हात बसले. धुरपताले हाक मारली. "बाई, इकडे ये. पदर वर कर. डोळा आहे तोवर पाहून घेतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं पदर वर केला.

खूप वेळ पाहिलं ह्यांनी. म्हणाले, "नाकावर तीळ आहे. मले कोणी सांगितलं नाही."

धुरपता म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही, मामाजी."