दोन्ही दंडांचं माप

३ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कात्री हातातून दोनदा सुटली, हे तू दुकानाच्या रंगकामाच्या बातमीखाली दडवून लिहिलं आहेस. मला तेच आधी दिसलं. वय झालं, असं तू म्हणतेस. ते निदान नव्हे.

सध्या मी हाडांच्या वॉर्डात आहे. रुग्ण आला की आम्ही नर्सेस आधी नुसतं बघतो: चालतो कसा, खांदे सारखे आहेत का. मग हात लावून, मग हालचाल, शेवटी जोर. आधी चांगली बाजू, मग दुखरी, कारण तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूशी करायची असते. तू एवढंच कर. आरशासमोर दोन्ही हात वर घे, उजवा कुठे अडतो ते लिही. दुखलं की थांब. बोटांना मुंग्या येतात का, कोणत्या, तेही कळव. आणि दोन्ही दंडांचा घेर मोज, कोपरापासून सारख्या अंतरावर. टेप कशी धरायची हे तुला शिकवायला नको.

लोभ आहे हे तुला ठाऊक आहे. उत्तर वेळेवर पाठव.

तुझी,
टाचणी


१० जुलै

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

झाली तपासणी, बाईसाहेब. आरशासमोर हात वर करून उभी होते, तर शेजारचा घड्याळवाला दारातून डोकावून विचारतो, ताई, दरोडा पडला का? दोन्ही हात कानापर्यंत जातात. मुंग्या थोड्या येतात, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला, पण तिथे कात्रीची कडी रुततात. दंड दोन्ही अकरा इंच, अगदी जुळे. आता तरी गप्प बसशील?

तू जेवतेस का नीट? मागच्या खेपेला तुझी कॉलर गळ्याभोवती फिरत होती. तू एवढीशी असल्यापासून तुला मीच वाढवलं, मला माप सांगू नकोस.

तुझ्या लोभाला इस्त्री फार कडक असते. तरी असू दे.

तुझी,
आत्या


१५ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही दंड सारखे आले, म्हणून मी घाबरले.

आयुष्यभर जड कात्री चालवणाऱ्या माणसाचा तो दंड दुसऱ्यापेक्षा थोडा भरलेला असतो. तुझा होता. स्वतःची उजवी बाही तू जरा सैल कापायचीस, तेव्हा खडू माझ्या हातात असायचा. म्हणजे एकतर उजवा उतरला आहे, नाहीतर टेपवर दिसलं ते तू लिहिलं नाहीस. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला की तू आतून पॅड लावतेस आणि त्याला कळूही देत नाहीस. मला पॅड लावू नकोस.

मुंग्या कड्यांमुळे असतील, मानेत नस दबल्यामुळेही असतील. ती फार काळ दबून राहिली तर गेलेला जोर पूर्ण परत येईलच असं नाही. मला तुझा हात हवा आहे. निघून ये.

तुझी,
टाचणी


१९ जुलै

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

उजवा पाऊण इंच कमी भरला. खांद्याच्या वर जात नाही. केस मी हल्ली डाव्या हाताने बांधते.

कात्री खाली ठेवा, असं डॉक्टर म्हणाले तर मी सकाळी उठून करू काय, हे मला कोणी सांगावं. म्हणून दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या. तेवढंच मला येतं.

गुरुवारी निघते. न्यायला ये.

आत्या


८ ऑगस्ट

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मानेचे व्यायाम चालू आहेत. वेळेत आलात, हे डॉक्टरांचं वाक्य मी सगळ्यांना सांगते, तुझं नाव न घेता. कात्री तूर्त बंद. मी डाव्या हाताने आखते, घड्याळवाला कापतो. एवढं मोठं काही कापायची सवय नाही बिचाऱ्याला, श्वास रोखून धरतो.

एक विचारायचं राहिलं. वॉर्डात तू मला परक्यासारखं पूर्ण नाव विचारलंस, तेव्हा हसू दाबलं मी. पण मानेला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासलेस. लहानपणी थंडगार हात मुद्दाम माझ्या पाठीला लावायचीस आणि मी ओरडले की खूश व्हायचीस. हे नवं कोणी शिकवलं?

लोभात कमी-जास्त असेल ते मी सांभाळून घेते.

तुझी,
आत्या


१२ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळवाल्यांना सांग, श्वास सोडत कापा. व्यायाम चुकवू नकोस. पुढच्या पत्रात दोन्ही दंडांची मापं पाठव, टेपवर दिसतील तशीच.

तळवे घासणं हे आमच्या पाठातलंच आहे. थंड हात लागला की रुग्णाचे स्नायू आखडतात आणि तपासणी चुकते, म्हणून आधी हात गरम करून घ्यायचे. हात थरथरत असतील तर काय करायचं, हे मात्र पाठात नाही. म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा करत राहिले.

तुझी,
टाचणी