बाबांची गाडी, माझ्या नावावर

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
गाडी आली. पांढरी, डिझेल, हेवी ड्युटी, मालवाहू. नारळ फोडताना बाबांना म्हटलं, टायरपासून लांब फोडा, करवंटीचा तुकडा घुसायचा. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथे फोडला. शोरूमवाल्यांना कळेना, हा नारळ नक्की कुठल्या गाडीचा.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. गाडी बाबांची आहे. कर्ज माझ्या सॅलरी स्लिपवर मिळालं म्हणून आरसीवर नाव माझं, एवढंच. बाबांनी उभं आयुष्य पापडीच्या गॉडफ्रेशेठचा टेम्पो चालवला. सदा इकडे ये, सदा तिकडे जा. आता त्यांच्यावर कोणी हुकूम सोडणार नाही. आमच्या घरातली पहिली डिग्री माझी. तिचा उपयोग हाच व्हायला हवा होता.

घरी येताना बाबा जरा जोरात चालवत होते. सांगितलं. 'हो' म्हणाले. समजूतदार आहेत.

४ ऑक्टोबर
गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही. मी आधी मोजलं होतं, पण आरसे मिटलेले धरून. आता खाडीकडच्या मैदानात पिंपळाखाली उभी करतो. बगळ्यांना पांढरा रंग फार आवडतो असं दिसतं. कव्हर बघायला हवं.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत आहे. जेवणं झाल्यावर बाबांना मराठीत वाचून दाखवायला घेतलं. सीटबेल्टच्या पानावर त्यांना झोप लागली. पण ऐकत होते.

८ ऑक्टोबर, बुधवार
काम मिळालं! वालीवला चिरागभाईंचं वर्कशॉप आहे, किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब बनवतात. तो माल नायगावच्या नव्या टॉवरमध्ये पोचवायचा. डिसेंबरपर्यंत ट्रायल. पसंत पडलं तर वर्षाचं पक्कं काम. ते मिळालं की बाबा कायमचे स्वतःच्या मर्जीचे मालक.

केबिनसाठी काही साध्या सवयी ठरवल्या. चपला बाहेर काढायच्या. आत काही खायचं नाही. ओळखीचं कोणी रस्त्यात भेटलं तरी बसवायचं नाही, इन्शुरन्सचा प्रश्न येतो. बाबांनी विचारलं, मी तरी बसू ना? विनोद करत होते. मूड चांगला आहे त्यांचा.

१७ ऑक्टोबर, रात्री
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पुस्तक काढलं. धूर गाळायचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठली आहे. गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं एका वेगाने पळवली की काजळी आतल्या आत जळून जाते. मध्ये इंजिन बंद करायचं नाही. इतकं सोपं आहे.

फक्त वालीव ते नायगाव या रस्त्यावर एका वेगाने वीस मिनिटं कोणीच कधी गेलेलं नाही. त्यात बाबा प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करतात. गॉडफ्रेशेठ म्हणे टाकीत काठी घालून डिझेल मोजायचे, तेव्हाची सवय. मी शांतपणे समजावलं की इथे कोणी शेठ नाही, इथे काठी नाही, इथे इंजिन बंद करायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी विचारलं, उभ्या उभ्या डिझेल जालायचं? म्हटलं, हो, जाळायचं. त्यांचा चेहरा असा झाला जसं मी दुधाचा टोप मोरीत ओतायला सांगितला.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
सुट्टी म्हणून गाडी पळवायला हायवेवर नेली. बाबा, मी, पुस्तक. बापाणे फाट्यापासून ट्रॅफिक. पेल्हारपर्यंत ट्रॅफिक. मी म्हणत होते, धीर धरा, पुढे मोकळं असेल, आणि तेवढ्यात सवयीने बाबांनी इंजिन बंद केलं. मी ओरडले नाही. आवाज मोठा झाला असेल.

दिवा तसाच. पाडव्याची ओवाळणी उशिरा झाली.

२८ ऑक्टोबर
आईने दिव्यावर टिकली लावली. मोठी, मरून. विचारलं तर म्हणाली, तुझा बाप रस्त्याकडे कमी आणि त्या दिव्याकडे जास्त बघतो, कुठेतरी ठोकेल. तिला फिल्टर, काजळी सगळं समजावलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, दिसत नाही ना आता? झालं तर मग.

टिकली काढली. गोंदाचा डाग राहिला. आता दिवा आणखी उठून दिसतो.

३ नोव्हेंबर, सोमवार
हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटरला गेले. सुमेध नावाचा ॲडव्हायझर, वयाने माझ्याएवढाच. लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, मॅडम, गाडीला काही झालेलं नाही, हे मॉडेल लांबच्या, जड कामाचं आहे. कपाटं पोचवायला यापेक्षा निम्मी गाडी पुरली असती.

घरी सांगितलं नाही. उगाच सगळ्यांना टेन्शन. आणि मला ते तितकं पटलेलंही नाही. गाडी चुकीची नाही, आमची कामं अजून तिच्या लायकीची झालेली नाहीत.

१० नोव्हेंबर
बाबांच्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू केलं. पाळत नाही, सेफ्टी. ऑफिसमध्ये बॅलन्स शीट जुळवताना बाजूच्या खिडकीत निळा ठिपका हलताना दिसला की बरं वाटतं.

दुपारी ठिपका गोखिवऱ्याला थांबला. थोडा वेळ वाट पाहिली, मग फोन केला. चहा पीत होते. मी एवढंच विचारलं की इंजिन चालू आहे ना. नंतर दिवसभर त्यांचा फोन लागला नाही. बॅटरी गेली असणार. पॉवर बँक घेऊन द्यायला हवी.

रात्री आई म्हणाली, गॉडफ्रे शिव्या घालायचा, पण चहा पिऊ द्यायचा. मी म्हटलं, मी कुठे नको म्हटलं? फक्त विचारलं. आई भांडी घासत राहिली.

१९ नोव्हेंबर
लोकेशन बंद. बाबा म्हणतात, हात लागून बंद झालं. रोज हात लागतो.

चिरागभाई मात्र खूष. माल वेळेवर, एक ओरखडा नाही. डिसेंबरच्या शेवटी वर्षाच्या कामाचं बोलू म्हणाले. दिवा आता लुकलुकतोय. पुस्तकानुसार लुकलुकणं वाईट. यापुढे गाडी आपोआप जोर कमी करते. मला झोप नाही. बाबा घोरतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उपाय सापडला. मावशी सुकी मासळी मनोरला नेऊन विकते. उद्या रविवार, पहाटे हायवे रिकामा. तिच्या टोपल्या टाकायच्या आणि गाडी सरळ मनोरपर्यंत पळवायची. फिल्टर साफ, मावशीचं भाडं वाचलं, आपली फेरी रिकामी गेली नाही. एका दगडात किती पक्षी, मोजत बसले नाही. बाबा म्हणाले, मासली नको, सोमवारला कपाटं भरायचीत. मी म्हटलं, टोपल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू, वर ताडपत्री, खाली ताडपत्री. सगळ्याचा विचार केलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार
दिवा गेला!!

खानिवडे टोलच्या पुढे गेला. मी पुस्तक मांडीवर धरून वेळ मोजत होते. बाबा खिडकीवर कोपर ठेवून काहीतरी गुणगुणत होते. इतके खूष मी त्यांना या गाडीत पाहिलेलं नाही. कोपर आत घ्यायला सांगितलं. घेतलं. गुणगुणणंही थांबलं, पण ते बहुतेक गाणंच संपलं होतं.

घरी आल्यावर गाडीचा हौदा फिनेलने धुतला, मग साबणाने, मग परत फिनेलने. आता काही काळजी नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सतराव्या मजल्यावरच्या बाईंनी नव्या कपाटाचं दार उघडलं आणि त्यांना सुक्या जवळ्याचा वास आला. त्याच्यावर फिनेलचा. ते घर शुद्ध शाकाहारी. सासूबाई जिन्यात जाऊन बसल्या, खाली यायला तयार नाहीत, वर जायलाही तयार नाहीत.

चिरागभाईंचा फोन. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बेन, मी लाकडाचं कपाट दिलं होतं. मासळीचं तुम्ही बनवलं." काम सध्या थांबवलंय. 'सध्या' हा शब्द त्यांनी वापरला की मी, आता आठवत नाही. वापरला असावा.

२५ नोव्हेंबर
नीट विचार केला. चूक व्यक्तीची नसते, पद्धतीची असते. आमच्या ऑफिसात असं काही झालं की सर लेखी खुलासा घेतात. त्याने मनं साफ होतात. जेवण झाल्यावर बाबांकडे खुलासा मागितला. निघण्याआधी हौद्याचा वास घेऊन बघायला हवा होता की नको?

बाबा म्हणाले, मला सहीपुरतंच येतं, तूच लिही. मग मी लिहिला, त्यांच्या वतीने. मालाच्या दुर्गंधीबाबत दिलगीर आहे, पुढे काळजी घेईन. वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, सही करू की अंगठा देऊ? सही केली. मग मी माझ्या बाजूने वाचला, समाधानकारक वाटला, तसा शेरा मारून फाइल केला.

आई ताट न उचलता आत गेली. पण एकंदर वातावरण निवळलं.

२६ नोव्हेंबर
निवळलेलं नव्हतं.

बाबा माझ्यासमोर येऊन बसले. कालचा कागद उरलाय का म्हणाले. आता राजीनामा लिही.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही नोकर नाही, राजीनामा कसला? गाडी तुमची आहे. ते म्हणाले, मग उद्याला तिला घेऊन कुठं जायचं ते मी ठरवू? मी म्हटलं, हो, अर्थात, फक्त लाइव्ह लोकेशन... त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

शेवटी लिहायला घेतला, कारण दुसरं कोण लिहिणार. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं. याचा अर्थ काय, विचारलं. सांगितला. नाही म्हणाले, खरं कारण घाल. "गाडी चांगली हाय. मालकीन पन वाईट नाय. पन श्वास घ्यायचा तरी इचारून घ्यावा लागतो."

मी 'वैयक्तिक कारणास्तव'च ठेवलं. नाहीतर लांबलचक झालं असतं.

उठताना म्हणाले, शेठनी चारचौघांत आईवरून शिव्या दिल्या, पण कुठं हायस असं कधी इचारलं नाय. परवापासून परत त्यांच्याकडे जाणार. चिरागभाईंचं काम गॉडफ्रेशेठना मिळालंय.

६ डिसेंबर
गाडी पिंपळाखाली. कव्हर आलं, पण आखूड आहे, बॉनेट उघडं राहतं. बगळ्यांना पुरेसं.

ड्रायव्हर बघतेय. दोघं आले. पहिल्याने केबिनच्या सवयींचा कागद वाचला आणि पाणी पिऊन येतो म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, मॅडम, तुम्ही मालक की बँकेच्या? मी स्वतः शिकायचं ठरवलंय. लायसन्स आहेच. आज पिंपळापासून मैदानाच्या कडेपर्यंत नेली. परत आणता येईना. दुरून बाबा बघत होते. मी मदत मागितली नाही.

१३ डिसेंबर
गाडी अजून तशीच मैदानाच्या कडेला. भरती आली की मागची चाकं ओली होतात. पुस्तकात खाऱ्या पाण्याबद्दल दोन ओळी आहेत. वाचून ताप आला.

२० डिसेंबर, शनिवार
गॉडफ्रेशेठ घरी आले. पांढऱ्या मिश्या, बुटके, टोपी काढून बसले. आईने त्यांना चहा दिला आणि मला नाही. त्यांच्या टेम्पोची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, मोडली, वयच झालं होतं. त्यांना आमची गाडी महिन्याच्या भाड्याने हवी आहे, चिरागभाईंच्या कामाला. दिवसा कपाटं, रात्री पापडीची केळी घेऊन मुंबईच्या बाजाराला. म्हणजे गाडी रोज पळणार. हप्ता निघतो, वर थोडं राहतं.

ड्रायव्हर त्यांचाच. सदानंद.

अट एकच: गाडी कामावर असताना ओनरने ड्रायव्हरला फोन करायचा नाही. मी म्हटलं, असलं काही लिहून द्यायची गरज नाही, मी काय सारखी फोन करते? गॉडफ्रेशेठनी बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे. लिहून दिलं.

शांतपणे पाहिलं तर माझा प्लॅन यशस्वीच झाला. बाबा आपल्याच गाडीवर आहेत, पगार पक्का, रविवारी सुट्टी. फक्त मधे एक शेठ आला.

२९ डिसेंबर, सोमवार
ऑफिसच्या कामाला वालीवला गेले होते. वसई फाट्याच्या सिग्नलला गाडी दिसली. आपली. स्वच्छ. मागे कपाटं, नीट बांधलेली. बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते. इंजिन बंद होतं, हे मला रस्त्याच्या या बाजूनेही कळलं.

फोन करायचा नव्हता. अटीत बसत नाही. पण अट कामावर असतानाची आहे, आणि सिग्नलला उभं राहणं हे तांत्रिकदृष्ट्या काम नाही. केला. विचारलं, बाबा, दिवा परत लागला का?

ते हळू आवाजात म्हणाले, "फोन ठेव बाय. शेठ बाजूला बसलेत. ओरडतील मला."

सिग्नल सुटला. बाबा गेले. मला इथून बाजूची सीट रिकामी दिसली. पण काचेवर ऊन होतं. आणि गॉडफ्रेशेठ तसे बरेच बुटके आहेत.