बंद भट्टीचं तापमान

३ मार्च, सोमवार
ऑडिटमध्ये सापडलं. शनिवारी भट्टी दुरुस्तीसाठी बंद, रजिस्टरमध्ये मात्र दर तासाला ८४० अंश. ते आठ आकडे मी शुक्रवारीच भरून ठेवले होते. प्लांट हेड यशवंतरावांना सांगितलं, रीडिंग ऑपरेटर सांगतो, मी लिहिते. एरवी हे खरंच असतं. ऑपरेटर भैय्यालालला घरी बसवलं. मी खोटं बोललेले नाही.

४ मार्च
रूममेट रूपाली म्हणाली, "काहून गं, त्या गरिबाची नोकरी खाऊन राहिली? खरं सांगून टाक ना! पश्चात्ताप होते का तुले जरासा?" बी. कॉम. आहे. अर्थ न पाहता शब्द वापरते. आधी व्याख्या, मग कृती. उद्या सांगणार.

५ मार्च, सकाळी ७.१०
पश्चात् म्हणजे नंतर. ताप म्हणजे तापणं, जळणं, धातू तप्. अनुतापातही तोच. आपला पस्तावा आणि हिंदीतला पछतावा ही त्याचीच झिजलेली रूपं. लोकांना शब्दसुद्धा नीट सांभाळता येत नाहीत.
निष्कर्ष: जळणं नंतर येतं. किती नंतर, ते कोशात नाही. थांबणं नियमाला धरून.

६ मार्च
अजून काही जाणवत नाही. उद्या सांगणार. नक्की.

७ मार्च
भैय्यालाल बीरगांवहून सायकलने आला. माफीनामा दिला तर साहेब परत घेतील म्हणे. "दीदी, मले लिहिता नाही येत. तुम्हीच द्या लिहून." चूक काय लिहू, विचारलं. "तुम्ही लिहाल ते. हव." स्वतःचा गुन्हासुद्धा माहीत नाही आणि माफी मागायला निघालाय. असल्यांचं काय होणार?
लिहून दिलं. मोघम माफी मला चालत नाही. शुक्रवार, पावणेसहा, आठही आकडे एकदम, भट्टी बंद राहणार हे माहीत असून. शेवटी "पश्चात्ताप". शब्द योग्य जागी बसला. माझ्याकडून विषय मिटला.

१० मार्च, सोमवार
यशवंतरावांनी बोलावलं. माफीनामा टेबलावर. म्हणाले, "गडबडीत झालं असतं तर सोडलं असतं. पण यानं तर ठरवून केलं ना! वेळेसकट लिहिलंय." भैय्यालालला कामावरून काढून टाकलं. त्याला तूच सांग, म्हणाले, तुझं ऐकतो.
तो गेटवर उभा होता, जेवणाचा डबा घेऊन. आज ड्यूटीवर घेतील असं धरून आला होता.
मी मागच्या गेटने निघाले. तिकडून ऑटो लवकर मिळते.