सुनेने खोडलेल्या माझ्या गणिताबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. स्मृती उताराला लागली आहे, तरी स्वतःचे भले-बुरे मला अजून कळते, असे त्यात म्हटले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावे. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्याच इमारतीची लिफ्ट नेहमी बंद असते. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांनी निम्मी-निम्मी घ्यावी.

२. माझे पती सुतार होते. त्यांचे रंधे, पटाश्या आणि करवती धाकट्या दिरांना द्याव्यात. पती गेले त्या दिवशी दीर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनींना कुठले कुठले तारे दिसले, नवऱ्याचा खोकला तेवढा दिसला नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाकी इतके विसरते, हे मात्र नाही. पण हत्यारांना धार लावणे सासरच्या घरात त्यांनाच जमते, म्हणून ती त्यांची.

३. माझ्या शोकसभेत आमच्या संस्थेच्या माजी संचालकांना बोलू देऊ नये. कारण लिहून ठेवते. सूर्याच्या कितीतरी पट जड असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. एक फुगतो, त्याचा वायू दोघांनाही वेढतो, आणि त्या सामाईक आवरणात ते घसरत जवळ येतात. पुढे दोघांची कृष्णविवरे होतात, ती एकमेकांत विलीन होतात आणि गुरुत्वीय लहरी उठतात. जवळ येण्याची मुख्य वाट हीच, असे गणित मी मांडले तेव्हा संचालक म्हणाले होते, "बाई, हे तपासणार कोण?" लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या आणि तेच गृहस्थ टीव्हीवर "आमचे गणित" म्हणून सांगू लागले. मी त्याच खोलीत, कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीवर बसले होते.

४. माझा फळा, संगणक आणि ताऱ्यांच्या आयुष्याचे सगळे प्रोग्रॅम सुनेला द्यावेत. ती आधी माझी विद्यार्थिनी, मग सून. आता लहरींच्या नोंदींचा ढीग जमला आहे. विवरे किती जड होती, कशी गरगरत होती, हे त्यातून कळते. तिने त्यांवरून उलटे मागे जात ताऱ्यांचा संसार तपासला. तिचे म्हणणे असे की बहुतेक जोड्या माझ्या वाटेने आल्याच नाहीत. एका ताऱ्याने दुसऱ्याला सावकाश वायू दिला, आवरण वगैरे काही झालेच नाही.

हे मला तिने सांगितलेले नाही. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते आणि आत दोघे बोलत होते.

"निबंध धाडायला थोडं थांब ना," मुलगा म्हणाला. "पुढे आईला कळणारच नाही. मग त्रासही होणार नाही."

"आणि तोवर दुसऱ्या कोणी छापलं तर?"

"छापू दे. तिचं आयुष्य आहे ते."

मी कपडे तिथेच टाकले. मुलाचा राग आला आणि त्याची मायाही कळली. दोन्ही एकदमच.

मी सुनेकडून तो शोधनिबंध मागून घेतला. ती रडकुंडीला आली, पण दिला. पूर्वी असा निबंध मी एका बैठकीत वाचून संपवत असे. आता पान उलटले की मागचे निसटत होते. चूक सापडावी म्हणून मी अक्षरशः धडपडले. एक सापडलीही, एका समीकरणात अधिकच्या जागी उणे. ती दुरुस्त केली आणि निष्कर्ष होता तिथेच राहिला.

म्हणून पुढचे कलम. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं. आजचा हुकूम त्यात बसत नाही." मी म्हटले, "मग त्याला आकडा देऊ नका, पण लिहा."

सुनेने निबंध आजच छापायला धाडावा. माझे गणित चुकले असेल तर ते मला समजत असतानाच चुकू द्यावे. मी काही न समजता खुर्चीत हसत बसावे आणि माझ्या पाठीमागे ते खोडले जावे, ही दया मला नको.

वकिलांनी हे मोठ्याने वाचले. मुलगा उठून खिडकीशी गेला. कामाचे बोलताना सून मला अजून मॅडम म्हणते.

"मॅडम, तुम्हाला पटलंय?"

"नाही," मी म्हटले. "अर्धं पटलंय. उरलेल्यावर भांडू, पण लवकर. धाड."

तिने संगणक आणला आणि माझ्यासमोर निबंध धाडला. मग माझा हात धरला. तो मी सोडवून घेतला, कारण सही करायची होती. मन शांत आहे असे लोक अशा कागदात लिहितात. माझे नाही, आणि खोटे लिहिणार नाही.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार: १. समोरच्या दारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक (सही)
सही आमच्यादेखत झाली. सहीआधी बाईंनी वकिलांची एक वेलांटी दुरुस्त केली.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: शुक्रवार, निबंध रवाना झाला तो