टाकातली दोन माणसं

भरे, ता. मुळशी
९ मार्च २०२५

प्रिय भूषणदादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडी सरल्यापासून बरा आहे, आता ती एकटीच मळ्यापर्यंत जाऊन येते. उत्कर्षाचं जमत आलंय हे तिच्याकडूनच कळलं. आत्याला कळवायची आठवण पोरीला राहिली, बापाला नाही. असो. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. भुकूमला पोचेपर्यंत तुझा राग थोडा उतरलेला असू दे.

रूथबाई परवा विलायतेला परत गेल्या. तू विचारणार नाहीस, तरी सांगते. त्यांच्या खापरपणज्याचा भाऊ, एडविन हॅलम, चांभाराचा पोरगा, दीडशे वर्षांपूर्वी तिकडचं गाव सोडून इकडे रस्त्याच्या कामावर देखरेखीला आला आणि पटकीनं पौडला मेला. बाई सत्तरीच्या, पण त्याच्या मागावर पार इथवर आल्या. हातात त्यानं घरी लिहिलेलं एकच पत्र. त्यात आधीच्या एका आजारपणाबद्दल एक ओळ : 'तापात चांगुणा नऊ दिवस उशाशी बसून होती.' ग्रामपंचायतीनं त्यांना शाळेत माझ्याकडे पाठवलं, इंग्रजी येतं म्हणून. बाकी काही त्यांना ठाऊक नव्हतं.

तू आधीच बजावलं होतंस, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नाच्या तोंडावर हे उकरू नकोस." लहानपणी आपल्या घाऱ्या डोळ्यांवरून पोरं काय ओरडायची, ते मीही ऐकलंय, दादा. तू दगड उचलायचास, मी मान खाली घालायचे. एवढाच फरक.

तर आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. बाईंनी विचारलं, चांगुणा कोण? मी म्हणाले, साहेबाची कामवाली. तुझे शब्द नव्हते ते. मीच बोलले, न अडखळता. त्यांनी वंशावळीच्या मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीनं एडविनच्या नावापुढे 'अविवाहित, निःसंतान' लिहिलं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'सेविका'. मुलांना रोज खरं बोला म्हणून शिकवते मी! दोन दिवस घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सारजाआजीची पेटी उघडली. धर्मांतरानंतर आजोबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला, हे तुला माहीत आहे. एक टाक आजीनं मागे ठेवला होता, हे माहीत नाही. जाण्याआधी तिनं तो मला दिला. पितळेच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती, दोन बोटं रुंद. गेलेल्या नवरा-बायकोचा बसवतात तसा. एकीच्या डोक्यावर पदर, दुसऱ्याच्या डोक्यावर साहेबी टोपी. दोघं शेजारी, सारख्या उंचीचे. मी आजीला म्हणाले होते, "अगं, बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण?" आजी भडकली. "म्या कुटं पुजतीया? देव बुडवलं, ब्येस झालं. ही द्येव न्हाईत, मान्सं हायेत. घरची मान्सं कशापायी बुडवायची?"

तो टाक पदरात बांधला आणि पौडला बाईंच्या खोलीवर गेले. आधी सांगितलं, मी खोटं बोलले. मग टाक त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग हळूच विचारलं, लग्नाचा काही कागद? दोन दिवस तहसील कचेरीत बसून त्यांना काहीच मिळालं नव्हतं. मी म्हणाले, कागद नाही. आजी सांगायची, पटकीत सगळे पळाले तेव्हा ती त्याच्यापाशी होती. पुढं त्याचं पोर तिनं दुसऱ्यांच्या बांधावर राबून वाढवलं. त्या पोरानं आईबापाचा एकत्र टाक घडवून घेतला. त्याला जे दिसलं, ते तुम्ही लिहा.

त्यांनी रबर काढला. 'सेविका' खोडलं. 'अविवाहित, निःसंतान' खोडलं. आणि लिहिलं : पत्नी, चांगुणा, भरे.

साहेबाचं रक्त मिरवायला मी गेले नव्हते. साहेब आला आणि मेला, त्यात त्याची मर्दुमकी कसली? आपलं घर उभं केलं ते तिनं. गावानं तिला 'ठेवलेली' म्हटलं, आपण तिचं नावच घेतलं नाही, आणि मी तर तिला मोलकरीण केलं. आता पुरे. उत्कर्षाच्या सासरच्यांना कळलं तर कळू दे. त्यांना चांगुणा चालत नसेल, तर त्यांच्या घरी आपली उत्कर्षा कशाला द्यायची? हे तिला मी सांगितलंय. ती हसली आणि म्हणाली, टाकाचा फोटो पाठव.

"तसं केलंस तर मला बहीण नाही," म्हणालास. तुझी मर्जी. जाण्याआधी बाईंनी आपल्या घरच्या पिढ्या लिहून तक्ता शाईनं पक्का केला, एक प्रत माझ्याकडे आहे. सहाव्या पिढीत तुझं नाव आहे आणि त्याला लागून माझं. खोडायचं असेल तर तुझ्या हातानं खोड. मी आयुष्यात एकदाच एक नाव पुसायला मदत केली, परत करणार नाही.

चांगुणेच्या घरची,
आणि तू नाही म्हटलंस तरी तुझी बहीण,
धम्मदीपा